‘प्रतिकारदमन’ की ‘प्रतिकारशमन’?

प्रश्न : नाशिकमध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी मूलपेशींवर मराठीतून टिपणे लिहीत आहे. या पेशी प्रतिकारशक्तीला आवर घालतात, त्या गुणाला ‘प्रतिकारदमन’ म्हणावे की ‘प्रतिकारशमन’? आणि प्रयोगशाळेतील ‘कल्चर’साठी ‘संवर्धन’ पुरेसे आहे का?

उत्तर : माझा कौल ‘शमना’ला आहे. दमनात बळजबरी आहे. बंडाचे दमन होते, आणि अवयवरोपणानंतर रोज घ्याव्या लागणाऱ्या औषधांना तो शब्द शोभतोही. अस्थिमज्जेतून मिळणाऱ्या मेसेन्कायमल मूलपेशींची (आपल्या टिपणातल्या पेशी याच) रीत मात्र निराळी आहे. भोवती दाह नसेल तर त्या बऱ्याच अंशी स्वस्थ असतात; टी-पेशींनी, म्हणजे प्रतिकार करणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींनी, सोडलेले इंटरफेरॉन-गॅमा हे संदेशवाहक प्रथिन त्यांच्यापर्यंत पोहोचले, की मानवी पेशींत आयडीओ नावाचे विकर तयार होते, ते ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाचे विघटन करते आणि टी-पेशींची वाढ मंदावते. आगीची वर्दी मिळाल्यावर निघणाऱ्या दलाला आपण ‘अग्निशमन’ म्हणतो, ते इथे चपखल बसते. (उंदरांच्या पेशींत हे काम मुख्यतः नायट्रिक ऑक्साइड करते, म्हणून टिपणात ‘मानवी’ हा शब्द गाळू नये.)

‘संवर्धन’ हा शब्द ऊतिसंवर्धित केळीमुळे शेतकऱ्यांच्याही तोंडी आहे, तो बदलू नये. पण त्यातून केवळ वाढ कळते. वाढताना गुण बदलतात, हे कळत नाही. उबवणपेटीत 37 अंश सेल्सिअस तापमान आणि 5 टक्के कार्बन डायऑक्साइड राखतात, ऑक्सिजन मात्र सहसा हवेइतका, म्हणजे 20 टक्क्यांच्या आसपास असतो. अस्थिमज्जेत तो याहून पुष्कळ कमी असतो. माध्यमात गाईच्या भ्रूणाचे सीरम घातले की मानवी रक्तबिंबिकांचा अर्क, पेशी किती वेळा नव्या बशीत हलवल्या, गोठवून वितळवल्यावर लगेच वापरल्या की दिवसभर पुन्हा वाढू दिल्या, या प्रत्येक गोष्टीने शमनक्षमता कमीअधिक होते.

आपल्याकडील द्राक्षबागायतदाराला हे वेगळे सांगावे लागणार नाही. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीवरच्या डोळ्यांत, म्हणजे कोंबांत, सूक्ष्म घड तयार होत असताना आभाळ भरून राहिले, तर त्याचा फटका ऑक्टोबर छाटणीनंतर, घड मोजताना दिसतो. काडी तीच असते, पण ती कोणत्या उजेडात वाढली हे तिच्यात उतरलेले असते.

पेशींना मुद्दाम आधी इंटरफेरॉन-गॅमा देऊन सज्ज करतात, त्या ‘प्रायमिंग’ला म्हणूनच मी ‘पूर्वसंस्कार’ सुचवतो.

पुन्हा प्रश्न : ‘संस्कार’ ऐकताच मुंज आणि मुलांचे वळण आठवते. विद्यार्थी गोंधळणार नाहीत का?

उत्तर : आयुर्वेदात द्रव्यावर प्रक्रिया करून त्यात निराळा गुण आणणे, यालाच संस्कार म्हणतात, आणि इथे नेमका तोच अर्थ हवा आहे. ‘पूर्वप्रक्रिया’ लिहिले तर पेशी नुसत्या धुऊन ठेवल्यासारखे वाटते. आपण वाक्य असे लिहावे : ‘इंटरफेरॉन-गॅमाचा पूर्वसंस्कार केलेल्या मानवी मूलपेशींची प्रतिकारशमनक्षमता त्यांच्या संवर्धनाच्या परिस्थितीनुसार पाहावी.’