नागपूर ते न्यूझीलंड, चौघं, नोव्हेंबर: विमानाची तिकिटं कशी काढावीत?

वैनगंगा

दिवाळीच्या सुट्टीत तीन आठवडे न्यूझीलंडला जायचं ठरतंय. टूर कंपनी नको, सगळं स्वतःच बुक करणार. आम्ही दोघं, दहा वर्षांची मुलगी आणि ६८ वर्षांच्या सासूबाई. त्यांना घरात-बाजारात काही अडत नाही, पण विमानतळावरची लांबच लांब चाल झेपत नाही. ऑकलंडला उतरून गाडीने खाली खाली जायचं आणि क्राइस्टचर्चहून परतायचं, असा आराखडा आहे.

एका पोर्टलवर सिडनीमार्गे तिकीट बरंच स्वस्त दिसतंय, पण त्यावर 'सेल्फ ट्रान्सफर' लिहिलंय. सिंगापूरमार्गे महाग आहे. दुबईमार्गेही एक पर्याय येतो. नागपूर-मुंबई वेगळं काढावं की एकाच तिकिटात? आणि आधी व्हिसा की आधी तिकीट? घरात या शेवटच्या प्रश्नावरून दोन तट पडलेत.

खिडकीपाशी

भारतातून न्यूझीलंडला थेट विमान नाही, त्यामुळे कुठेतरी उतरणं आलंच. कुठे उतरायचं हे नकाशा बघून ठरवा. मुंबई-सिंगापूर साधारण ३,९०० किमी, सिंगापूर-ऑकलंड ८,४०० किमी. हा मार्ग जवळजवळ सरळ रेषेत जातो. साडेपाच तास आणि पावणेदहा तास, असे दोन तुकडे. दुबईमार्गे म्हणजे आधी १,९०० किमी उलट्या दिशेला जायचं आणि मग १४,२०० किमीचा एकच तुकडा, सोळा तासांच्या आसपास. सासूबाई बरोबर असताना तो पर्याय यादीतून काढून टाका, कितीही स्वस्त दिसला तरी.

सिंगापूरला वेळांचं गणित नीट लावा. मुंबईहून रात्री उशिरा सुटणारं विमान सकाळी आठच्या सुमारास चांगीला, म्हणजे सिंगापूरच्या विमानतळावर, पोचतं. तिथून नऊच्या सुमारास निघणारं विमान धरलं तर ऑकलंडला रात्री पावणेबारा वाजतात, कारण नोव्हेंबरमध्ये तिथलं घड्याळ सिंगापूरच्या पाच तास आणि आपल्या साडेसात तास पुढे असतं. मध्यरात्री बाहेर पडायचं, झोपलेली मुलगी, आणि भाड्याच्या गाडीचा काउंटर उघडा असेलच याची खात्री नाही. शिवाय मुंबईचं विमान तासभर लेट झालं की खेळ खलास. संध्याकाळी नऊच्या आतबाहेर निघणारं विमान दुसऱ्या दिवशी साडेअकराच्या सुमारास पोचवतं. मध्ये बारा-तेरा तास मोकळे मिळतात, आणि ते वाया जात नाहीत. भारतीय पासपोर्टवर न्यूझीलंडचा वैध व्हिसा आणि पुढचं पक्कं तिकीट असेल तर सिंगापूर ९६ तासांची व्हिसामुक्त ट्रान्झिट सवलत देतं. आत सोडायचं की नाही हे शेवटी तिथला अधिकारी ठरवतो, पण कागद नीट असले तर अडचण येऊ नये. एसजी अरायव्हल कार्ड, म्हणजे सिंगापूरच्या प्रवेशाचा फॉर्म, आधी ऑनलाइन भरावं लागतं, पोचण्याच्या दिवसासह तीन दिवसांच्या आत, आणि ते फुकट असतं. त्यासाठी पैसे मागणाऱ्या साइट्स बऱ्याच आहेत, अधिकृत साइटवरच जा. विमानतळाबाहेर पडायचं नसेल तर यातलं काहीच लागत नाही. चांगीच्या आत ट्रान्झिट हॉटेल आहेत, सहा तासांच्या हिशेबाने खोली मिळते. सासूबाईंसाठी तेच बरं.

आता सिडनी. 'सेल्फ ट्रान्सफर' म्हणजे दोन वेगळी तिकिटं, पोर्टलने एका पानावर शेजारी मांडलेली. पहिलं विमान उशिरा आलं आणि दुसरं सुटलं, तर दुसऱ्या कंपनीचा काही संबंध नाही. त्यांच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत, तिकीट गेलं. बॅगा सिडनीला घ्यायच्या, इमिग्रेशन आणि कस्टममधून बाहेर यायचं, पुन्हा चेक-इन करायचं. आणि भारतीय पासपोर्टला ऑस्ट्रेलियात नुसतं विमान बदलायलाही ट्रान्झिट व्हिसा लागतो, सबक्लास ७७१. फी नाही, पण प्रत्येकाचा वेगळा अर्ज, मुलीचासुद्धा. एकाच तिकिटावर सिडनीमार्गे गेलात तरी तो लागतोच. ऑस्ट्रेलियाचा व्हिजिटर व्हिसा आधीच पासपोर्टवर असेल तर प्रश्न नाही.

तिकीटघर

वरच्या उत्तरात मार्गाचं आलं, मी तिकिटाचं सांगतो.

'राउंड ट्रिप'मध्ये शोधू नका. 'मल्टी-सिटी' उघडा आणि मुंबई-ऑकलंड, क्राइस्टचर्च-मुंबई असं टाका. याला ओपन जॉ म्हणतात. सिंगापूरहून क्राइस्टचर्चलाही थेट विमान आहे, त्यामुळे परत ऑकलंडला चढायची गरज नाही. भाडं बहुतेक वेळा साध्या परतीच्या तिकिटाइतकंच येतं, कारण जाण्याचं अर्धं आणि येण्याचं अर्धं अशी बेरीज होते. दोन स्वतंत्र एकेरी तिकिटं काढायला गेलात तर या कंपन्यांचं एकेरी भाडं निम्म्याहून बरंच जास्त असतं.

चौघांचं भाडं बघताना एक गोष्ट करा. आधी एकाच प्रवाशासाठी शोधा, मग चौघांसाठी. इकॉनॉमीतल्या सीट वेगवेगळ्या भाड्यांच्या कप्प्यांत विभागलेल्या असतात. स्वस्त कप्प्यात दोनच सीट उरल्या असतील तर सिस्टिम दोघांना स्वस्त आणि दोघांना महाग असं करत नाही, चौघांनाही वरचा कप्पा लावते. एकट्याचं भाडं कमी आणि चौघांचं माणशी जास्त दिसलं तर कारण हे. अशा वेळी दोन-दोन अशी दोन बुकिंगं करता येतात, पण मुलीबरोबर एक मोठं माणूस हवंच, आणि मग दोन्ही पीएनआर एकमेकांशी जोडून ठेवायला कंपनीला सांगा. ब्राउझर इनकॉग्निटो केल्याने भाडं उतरतं, ही अफवा आहे. तुम्ही परत बघेपर्यंत कुणीतरी सीट घेतलेली असते, एवढंच.

पोर्टल की कंपनी? शोधायला पोर्टल, घ्यायला कंपनीची साइट. पोर्टलवर बँकेची सवलत दिसते, पण शेवटच्या पानावर प्रत्येक प्रवाशामागे सुविधा शुल्क लागतं, ते धरून फरक काढा. तीन-चार टक्क्यांपर्यंतच्या फरकासाठी मी कंपनीचीच साइट घेईन. नोव्हेंबरचं तिकीट मे-जूनमध्ये काढलं तर मधल्या काळात वेळापत्रक बदलण्याची शक्यता बरीच. कंपनीकडून घेतलेलं असेल तर एका फोनवर किंवा ॲपवर दुसरं विमान मिळतं. पोर्टलकडून घेतलेलं असेल तर कंपनी म्हणते एजंटशी बोला, एजंट म्हणतो कंपनीने मंजूर करू दे. मध्ये तुम्ही. आणि पोर्टलवर विमानाबरोबर हॉटेलही एकत्र घेऊ नका. ते परदेशी टूर पॅकेज धरलं जातं आणि त्यावर टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने आगाऊ घ्यायचा आयकर, कापला जातो. रिटर्नमध्ये परत मिळतो, पण तोवर पैसे अडकतात. नुसत्या तिकिटावर तो नाही.

पैसे भरल्यावर ई-तिकिटावर १३ आकडी नंबर आहे का बघा. सिंगापूर एअरलाइन्सचा ६१८ ने, एअर न्यूझीलंडचा ०८६ ने सुरू होतो. नुसता सहा अक्षरी पीएनआर आणि तो नंबर नाही, याचा अर्थ सीट धरून ठेवली आहे, तिकीट निघालेलं नाही. चोवीस तासांत आला नाही तर फोन करा.

नाव. महाराष्ट्रातल्या पासपोर्टवर 'गिव्हन नेम'मध्ये बऱ्याचदा वडिलांचं किंवा नवऱ्याचं नावही असतं. पासपोर्टवर जे आहे ते सगळं, त्याच क्रमाने टाका. आधारवर काय आहे, बँकेत काय आहे, ते विसरा. बोर्डिंग पासवर दोन्ही नावं आणि शेवटी एमआर किंवा एमआरएस असं सगळं जोडून छापलेलं दिसेल, घाबरू नका, तसंच येतं. लग्नानंतर आडनाव बदललं पण पासपोर्ट जुनाच, असं असेल तर तिकीट जुन्या आडनावाने.

वैनगंगा

खूप आभार, दोघांचेही. सिडनी आणि दुबई बाद. नागपूर-मुंबई आणि व्हिसाचं राहिलं. सासूबाईंसाठी व्हीलचेअर कुठे सांगायची? जेवणात 'हिंदू मील' टाकलं की झालं ना? त्या पूर्ण शाकाहारी आहेत.

दक्षिणायन

जेवणाचं आधी, कारण इथे फार जण फसतात. हिंदू मील शाकाहारी नसतं. त्यात बीफ नसतं, पण चिकन, मटण, मासे येऊ शकतात. सासूबाईंसाठी एशियन किंवा इंडियन व्हेजिटेरियन निवडा, कोड एव्हीएमएल. कांदा-लसूणही नको असेल तर जैन मील, व्हीजेएमएल. निघण्याच्या किमान २४ तास आधी नोंदवा आणि चारही विमानांसाठी वेगवेगळं नोंदलं गेलंय का ते तपासा. सिंगापूर एअरलाइन्स आणि एअर न्यूझीलंड यांची भागीदारी आहे, त्यामुळे एकाच्या नंबरवर विकलेलं विमान दुसरी कंपनी उडवत असते. ज्या तुकड्यावर तसं असेल, तिथे उडवणाऱ्या कंपनीचा वेगळा पीएनआर मागून घ्या आणि त्यांच्या साइटवर जेवण, सीट पुन्हा बघा. एका साइटवर टाकलेलं दुसरीकडे पोचतंच असं नाही.

व्हीलचेअरचे तीन कोड आहेत. डब्ल्यूसीएचआर म्हणजे पायऱ्या चढता येतात, लांब चालता येत नाही. तुमच्यासाठी हाच. डब्ल्यूसीएचएस म्हणजे पायऱ्याही नको, डब्ल्यूसीएचसी म्हणजे सीटपर्यंत न्यायचं. किमान ४८ तास आधी कंपनीला सांगा, पैसे नाहीत. चुकून तिसरा कोड पडला तर तुमच्या सासूबाईंना विमानाच्या आतही अरुंद खुर्चीवरून नेण्याची तयारी करतील, आणि त्या वैतागतील. बरोबर सहसा एकाच माणसाला सोडतात, बाकीच्यांनी रांगेतून यायची तयारी ठेवा.

सीट: ए३५० आणि ७८७ या प्रकारच्या विमानांमध्ये तीन-तीन-तीन अशी रांग असते, ए३३० मध्ये दोन-चार-दोन. ७७७ मध्ये कंपनीनुसार तीन-तीन-तीन किंवा तीन-चार-तीन, आणि दहा सीटवाल्या रांगेत खांदे घासतात. चौघांनी मधल्या तीन आणि बोळापलीकडची एक अशा घ्या. सासूबाई बोळाच्या कडेला, म्हणजे उठायला कुणाला हलवावं लागत नाही. सर्वात स्वस्त भाड्यात सीट निवडायचे पैसे पडतात, तेव्हा 'लाइट' आणि 'व्हॅल्यू' यांची तुलना सीट आणि रद्द करण्याचे नियम धरून करा.

आधी व्हिसा. न्यूझीलंडच्या व्हिजिटर व्हिसाला विकत घेतलेलं तिकीट लागत नाही, परतीचं तिकीट किंवा ते काढण्याइतके पैसे दाखवले की चालतं. खर्चासाठी माणशी महिन्याला १,००० न्यूझीलंड डॉलर दाखवावे लागतात, राहण्याचे पैसे आधीच भरले असतील तर ४००. व्हिसाच्या फीबरोबर माणशी १०० डॉलरची पर्यटक लेव्हीही जाते. भाडं हातचं जाईल असं वाटत असेल तर बदलता येणाऱ्या वरच्या भाड्यात तिकीट घ्या. विना-परतावा तिकीट व्हिसाच्या आधी, हे मात्र नको.

तिकडे उतरल्यावर: न्यूझीलंडमध्ये पहिल्या विमानतळावर बॅगा घ्याव्याच लागतात, पुढचं देशांतर्गत विमान त्याच तिकिटावर असलं तरी. समजा बेत बदलून ऑकलंडहून लगेच क्वीन्सटाउन धरलंत, तर मध्ये तीन तास ठेवा. जैवसुरक्षेची, म्हणजे आणलेलं खाणंपिणं आणि माती तपासण्याची, रांग केव्हा किती असेल सांगता येत नाही, आणि देशांतर्गत टर्मिनल वेगळं आहे, जमिनीवरच्या हिरव्या रेषेने दहा मिनिटं चालत किंवा फुकट बसने. देशांतर्गत तिकीट वेगळं घेतलंत तर एअर न्यूझीलंडच्या 'सीट' भाड्यात फक्त ७ किलो हातातलं सामान येतं, 'सीट + बॅग'मध्ये २३ किलोची एक बॅग. मुंबईहून २५ किलो भरून आणलेली बॅग तिथे दोन किलोने अडते.

न्यूझीलंडचं ट्रॅव्हलर डिक्लेरेशन, म्हणजे बरोबर काय आणलंय ते सांगायचा फॉर्म, ऑनलाइन फुकट भरता येतं. मेतकूट, लाडू, लोणचं, मध, बिया, काहीही खाण्याचं असेल तर 'हो' लिहा. दाखवलेली वस्तू फार तर काढून घेतात, न दाखवलेल्याला जागेवर ४०० डॉलर दंड. चपलाबुटांना चिकटलेली मातीही यात येते.

खिडकीपाशी

नागपूर-मुंबईचं: एअर इंडिया आणि सिंगापूर एअरलाइन्स यांचा कोडशेअर आहे, म्हणजे एकीच्या विमानाचं तिकीट दुसरीही विकते, तेव्हा मल्टी-सिटीत मुंबईऐवजी नागपूर टाकून बघा. एकाच तिकिटात आलं तर बॅगांची आणि उशिराची जबाबदारी त्यांची. पण मग पहिलं विमान चुकवून थेट मुंबईला चढायचं नाही. पहिला तुकडा न वापरल्यास पुढचं सगळं, परतीसकट, आपोआप रद्द होतं.

वेगळं काढणार असाल तर नागपूरचं विमान मुंबईत कुठे उतरतं ते बघा. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू आहे, त्याचा कोड एनएमआय. तुमचं सिंगापूरचं विमान मुंबईच्या जुन्या विमानतळाच्या, बीओएम कोडच्या, टर्मिनल २ वरून. दोघांमध्ये मुंबईचा रस्ता आहे, तो संध्याकाळी किती वेळ घेईल याची हमी कोणी देणार नाही. सकाळचं किंवा दुपारच्या आतलं विमान घ्या, किमान सहा तास मध्ये ठेवा. नाहीतर आदल्या रात्रीची दुरांतो. ती सकाळी सीएसएमटीला सोडते, अख्खा दिवस हाताशी राहतो, आणि सासूबाईंची एक व्हीलचेअर कमी लागते.

तारखेला जपा. रात्री १२ वाजून १० मिनिटांचं विमान ८ तारखेचं असेल, तर विमानतळावर ७ तारखेच्या रात्रीच पोचायचं. दुरांतो मग ६ च्या रात्रीची.

वैनगंगा

दुरांतोच. व्हिसाचे अर्ज या आठवड्यात टाकते. क्राइस्टचर्चहून परतताना सिंगापूरला दोन रात्री थांबायचं म्हटलं, तर ती ९६ तासांची सवलत तेव्हाही चालेल का? आमचा व्हिसा तोवर वापरून झालेला असेल.

खिडकीपाशी

चालते. एकेरी प्रवेशाचा व्हिसा वापरलेला असला, तरी न्यूझीलंडहून थेट सिंगापूरला येत असाल आणि मध्ये भारतात परतलेले नसाल, तर परतीच्या वाटेवर ती मिळू शकते. भारताचं पुढचं तिकीट ९६ तासांच्या आतलं हवं. मल्टी-सिटीत क्राइस्टचर्च-सिंगापूर आणि सिंगापूर-मुंबई असे वेगळे तुकडे टाका, म्हणजे थांबा त्याच तिकिटात बसेल. अरायव्हल कार्ड पुन्हा नव्याने भरायचं.