कॉक्सीसाठी हर्बल पावडर सुरू केली तर खाद्यातला कॉक्सिडिओस्टॅट बंद करता येईल का?

नवी_शेड:
नमस्कार मंडळी, डीप लिटरवर, म्हणजे भुशाच्या जाड थरावर, ब्रॉयलर करतो. प्रत्येक बॅचला चौथ्या आठवड्याच्या आसपास तेच सुरू होतं, कॉक्सीसारखं, म्हणजे आतड्यातल्या परजीवीचा आजार वाटतो, थोडी पिल्लं पंख पाडून कोपऱ्यात बसतात, खाद्य कमी खातात, विष्ठेत कधी नारिंगी शेंबडासारखं तर कधी सरळ रक्त. मरतूक फार नाही पण वजन मागे पडतं आणि एफसीआर (किलोभर वजनाला लागणारं खाद्य) बिघडतो. खाद्यात कॉक्सिडिओस्टॅट, म्हणजे कॉक्सी दाबून ठेवणारं औषध, आहेच, बरेच दिवस तोच एक चालू आहे.
आता एक जण पावडर घेऊन आलाय, ओवा, ओरेगॅनो, लसूण, हळद, आर्टेमिसिया असं सगळं एकत्र. म्हणतो औषध पूर्ण बंद करा, हे एकच पुरे. डब्यावर वनस्पतींची नावं आहेत पण कशाचं किती ते कुठेच नाही. मला मनापासून औषधं कमी करायचीत, सारखी केमिकलं ओतत राहणं पटत नाही. पण बॅच हातची जायला नको. ह्या वनस्पती खरंच काम करतात का? आणि सध्या जे रक्त दिसतंय त्यावर हीच पावडर देऊ का? कोणी वापरली असेल तर नीट सांगा प्लीज.

आतडी_डॉक्टर:
दादा, शेवटचा प्रश्न आधी घेते कारण तो आजचा आहे. रक्त दिसतंय म्हणजे परजीवीने आतड्याच्या पेशी आधीच फोडल्यात, तिथे पावडर देऊन वाट बघू नका. आजच ताजी मेलेली आणि दोन-चार आजारी पिल्लं घेऊन जवळच्या पशुवैद्यांकडे पीएम (शवविच्छेदन) करून घ्या. कॉक्सीच निघाली तर बहुतेक पाण्यातून अ‍ॅम्प्रोलियम किंवा टोल्ट्राझुरिल देतील, डोस ते सांगतील तोच, आणि विक्रीआधी औषध बंद ठेवायचा काळ पाळायचा. एक लक्षात ठेवा, अ‍ॅम्प्रोलियम चालू असताना पाण्यात बी-कॉम्प्लेक्स टाकू नका, ते औषध परजीवीला थायमिन म्हणजे बी-१ मिळू न देता मारतं, तुम्ही वरून बी-१ दिलंत की असर कमी झालाच. व्हिटॅमिन के आणि ए मात्र द्या.

आता पीएममध्ये काय बघायचं ते सांगते, कारण ‘कॉक्सी’ हा एकच आजार नाही, कोंबडीत आयमेरियाच्या, म्हणजे ह्याच परजीवीच्या, ७ जाती मानतात आणि प्रत्येकीची आतड्यातली जागा ठरलेली. टेनेला सीकममध्ये, म्हणजे शेवटच्या त्या दोन बंद पिशव्यांमध्ये, त्या फुगलेल्या काळपट लाल दिसतात, कापल्या की आत रक्त, आणि थोडे दिवस गेले असतील तर पनीरसारखा घट्ट गोळा. अ‍ॅसर्व्हुलिना आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, तिथे पांढऱ्या आडव्या रेघा दिसतात, न कापता बाहेरूनसुद्धा. मॅक्सिमा मधल्या भागात, आतडं फुगलेलं आणि आत नारिंगी शेंबूड. तुम्ही नारिंगी आणि रक्त दोन्ही लिहिलंय म्हणजे एकापेक्षा जास्त जाती असायची बरीच शक्यता आहे, आणि हे वनस्पतींच्या बाबतीत फार महत्त्वाचं आहे, कारण एका जातीवर चाललेली वनस्पती दुसरीवर चालेलच असं नाही.

वनस्पती काम करतात का? करतात, पण वेगवेगळ्या प्रकारे आणि मर्यादेत. ओरेगॅनोच्या तेलात कार्व्हाक्रॉल, ओव्याच्या तेलात थायमॉल, हे परजीवीच्या पेशीच्या पडद्याला इजा करतात आणि आतड्यातल्या बॅक्टेरियावरही थोडा वचक ठेवतात. युक्का आणि क्विलाजातले सॅपोनिन पडद्यातल्या कोलेस्टेरॉलला चिकटून तो फोडतात. आर्टेमिसियातल्या आर्टेमिसिनिनमुळे टेनेलाच्या ओओसिस्टची (परजीवीची अंड्यासारखी कवचबंद अवस्था) भिंत नीट बनत नाही असं प्रयोगात दिसलंय, म्हणजे विष्ठेतून पुढच्या पिल्लांकडे जाणारा माल कमी. हळद, लसूण यांचा उपयोग जास्त करून सूज कमी ठेवायला आणि प्रतिकारशक्तीला. ह्यातलं काहीच चांगल्या कॉक्सिडिओस्टॅटएवढं खात्रीने रोग दाबत नाही. दबाव कमी करणं, आतडं लवकर सावरणं, एवढी अपेक्षा ठेवलीत तर ठीक.

मिक्सरवाला:
डॉक्टर म्हणतात ते बरोबर, मी खाद्य बनवायच्या बाजूने सांगतो कारण हर्बलवाल्यांची खरी गोची इथेच होते. डब्यावर वनस्पतीचं नाव असून काही उपयोग नाही, त्यातला सक्रिय घटक किती टक्के ते लिहिलेलं पाहिजे. आर्टेमिसियाचंच बघा, वाळलेल्या पानात आर्टेमिसिनिन कुठे ०.१ टक्का तर कुठे १ टक्क्याच्या वर, बियाणं कुठलं, तोडणी कधी, वाळवलं कसं यावर सगळं ठरतं. मग एका लॉटला फरक दिसला आणि पुढच्याला काहीच नाही असं झालं तर नवल नाही. तुमच्या त्या माणसाला लॉटप्रमाणे तपासणीचा रिपोर्ट मागा, कार्व्हाक्रॉल, थायमॉल किती ते. देत नसेल तर मी तरी घेणार नाही.

दुसरं म्हणजे ही तेलं उडून जातात. पेलेट बनवताना वाफेने मॅश (दळलेलं खाद्य) ८० डिग्रीच्या वर जातो, साधं तेल नाहीतर नुसती पूड टाकली असेल तर बरंचसं तिथेच जातं, कोंबडीपर्यंत पोचतच नाही. म्हणून कोटिंग केलेला माल घ्यावा लागतो, तो आतड्यात पुढे जाऊन सुटतो, त्यातही कोटिंग कसलं आणि ते कुठे विरघळतं हे विचारा, सीकमपर्यंत जायचं असेल तर वरच सुटून चालणार नाही. मॅश देत असाल तर एवढी अडचण नाही, पण पोतं उघडं पडलं की वास उडतो, आणि वास उडाला म्हणजे मालच उडाला.

आणि जास्त टाकलं की जास्त फायदा असं अजिबात नाही हो. टॅनिन वाढलं की प्रोटीन पचत नाही, कडू चव वाढली की पिल्लं खाद्य कमी खातात, मग वजन घटलं ते कॉक्सीमुळे की पावडरीमुळे हे कोण सांगणार? पावडर थेट मोठ्या मिक्सरमध्ये ओतू नका, आधी थोड्या खाद्यात नीट घोळवून घ्या मग मोठ्यात, नाहीतर एका पिल्लाला चिमूटभर नि दुसऱ्याला मूठभर.

भुसा_पाहणारी:
सगळे खाद्याचं बोलतायत, मी लिटरचं बोलते, कारण लिटर ओलं असेल तर कुठलीच पावडर आणि कुठलंच औषध पुरत नाही. विष्ठेतून पडलेला ओओसिस्ट लगेच रोग देत नाही, त्याला ओल, ऊब आणि हवा मिळाली की १ ते २ दिवसांत तयार होतो, मग पिल्लू टोचून खातं आणि ४ ते ७ दिवसांत त्याच्या पोटातून हजारोंनी बाहेर. म्हणजे ड्रिंकरखालचा तो ओला पट्टा हाच सगळ्या रोगाचा कारखाना. मूठभर लिटर दाबून बघायचं, गोळा तसाच राहिला तर ओलं आहे, हात उघडल्यावर सुटलं पाहिजे. निपलची (पाण्याच्या तोटीची) उंची पिल्लांच्या वाढीप्रमाणे वर घेत जा, प्रेशर बघा, भिजलेला भाग रोजच्या रोज काढा, ढवळा, हवा खेळती ठेवा. साध्या जंतुनाशकाने ओओसिस्ट मरत नाही, त्याची भिंत फार चिवट, त्याला उष्णता, कोरडेपणा आणि अमोनिया मारतो.

नवी_शेड:
ताई, मूठ दाबून बघितली, निपलखाली गोळा तसाच राहतोय, आजच तो पट्टा काढायला घेतो. पीएमला पिल्लं पाठवली, सीकममध्ये रक्त आणि वर पांढऱ्या रेघा दोन्ही निघाले. औषध सुरू केलंय. आता पुढच्या बॅचचं विचारतो, कॉक्सिडिओस्टॅट एकदम काढू की हळूहळू? लस घ्यावी का आणि लसीबरोबर पावडर चालेल का? आणि हीच पावडर जंतांवर पण चालते असं तो सांगतोय, ते खरं का?

आतडी_डॉक्टर:
दादा, एकदम काढू नका. एकच औषध वर्षानुवर्षं चालू असलं की परजीवीत प्रतिकार तयार होतो, तुमच्याकडे बहुतेक तेच झालंय. तर पहिला उपाय औषध फिरवणं, म्हणजे डॉक्टरांशी बोलून गट बदला, सॅलिनोमायसिन, मोनेन्सिन हे आयनोफोर एका बाजूला आणि निकार्बाझिन, डायक्लाझुरिल ही केमिकलं दुसऱ्या. नुसतं डब्याचं नाव बदलून त्याच गटातलं घेतलंत तर बदल झालाच नाही. आणि मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिन खाद्यात असताना टायाम्युलिन हे अँटिबायोटिक चुकूनही देऊ नका, दोन्ही मिळून पक्षी लुळे पडून मरतात.

पावडर तपासायची असेल तर शेडमध्ये कप्पे करा, एकाच दिवशी आलेली पिल्लं, तेच खाद्य. एका कप्प्यात फक्त कॉक्सिडिओस्टॅट, दुसऱ्यात कॉक्सिडिओस्टॅट अधिक पावडर, आणि अगदी लहान तिसऱ्या कप्प्यात फक्त पावडर. प्रत्येक कप्प्याचे बूट वेगळे, कामाला जाताना तिसऱ्यात सगळ्यात शेवटी. मग मरतूक मोजत बसू नका. २१ ते २८ दिवसांच्या दरम्यान प्रत्येक कप्प्यातली ५ चांगली दिसणारी पिल्लं कापून आतड्याला ० ते ४ गुण द्या, जॉन्सन आणि रीड यांची १९७० ची पद्धत आहे, तुमचे डॉक्टर ओळखतात. सोबत विष्ठेतले ओओसिस्ट मोजून घ्या, वजन आणि एफसीआर लिहा. पायांचा रंगही बघा, आतडं बिघडलं की खाद्यातला पिवळा रंग शोषला जात नाही आणि पाय फिके पडतात.

लस जिवंत ओओसिस्टची असते, ती पिल्लात थोडी थोडी वाढूनच प्रतिकारशक्ती देते. त्यामुळे लस आणि कॉक्सिडिओस्टॅट एकत्र नाही. जोरदार डोसची पावडरही सुरुवातीच्या ३ आठवड्यांत नको, ती खरंच असरदार असेल तर लसही दाबेल. नंतर आतड्याच्या आधारासाठी द्या. लसीच्या काळात आतडं थोडं उघडं पडतं, तिथे क्लॉस्ट्रिडियम हा बॅक्टेरिया शिरून नेक्रोटिक एन्टेरायटिस (आतडं सडण्याचा आजार) होऊ शकतो, म्हणून पिल्लं सुस्त दिसली की लगेच पीएम.

जंतांचं खरं धरू नका. अ‍ॅस्कॅरिडिया हा गोल जंत, आयमेरिया एकपेशीय, दोघांचं शरीर वेगळं आणि औषधंही वेगळी. लसूण वगैरे देऊन जंत खात्रीने पडत नाहीत. विष्ठा तपासून अंडी दिसली तरच जंताचं औषध द्या. तो पट्टा काढल्यावर निपलचं प्रेशर तपासलं का? ते कमी केलं नाहीत तर आठवडाभरात तिथे परत ओल.