धागा: चौथीनंतर लेकीला घरीच शिकवायचा विचार आहे. फुकटातलं साहित्य आणि पर्याय सुचवा

वाशिष्ठीकाठ
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज पहिला धागा काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही चिपळूणपासून आत एका वाडीत राहतो. लेक नऊ वर्षांची, नुकतीच चौथी संपली. शाळा खाजगी, मराठी माध्यम, बसने जाऊन-येऊन दोन तास. गेलं वर्षभर रोज सकाळी साडेसहाला तिच्या पोटात दुखतं. रविवारी दुखत नाही. वह्या बघितल्या तर सगळी उत्तरं फळ्यावरून उतरवलेली. 'तुझ्या शब्दांत लिही' असा प्रश्न होता, त्याचंही उत्तर वर्गातल्या अडतीस पोरांनी एकच लिहिलंय.

एक वर्ष घरी ठेवून बघावं असं मनात आहे. माझी बारावी झालीये, घरी ब्लाऊज शिवते.

बजेट शून्य. अगदीच लागलं तर महिना ५०० रुपये. स्मार्टफोन एकच, तो ह्यांच्याबरोबर जातो आणि संध्याकाळी सातनंतर घरी येतो. रेंज फक्त पडवीच्या टोकाला. तेव्हा ॲप्सची लांबलचक यादी नको.

विचारायचं ते इतकंच: साहित्य कुठून घ्यावं, पुढे परीक्षेचं काय, आणि नाही जमलं तर शाळा परत घेते का?

एडिसनचा_बाप
अभिनंदन ताई! योग्य निर्णय. आम्ही दोन वर्षांपूर्वी केलं. सर्वात आधी एक चांगला दहा-अकरा इंची टॅब घ्या (आमचा ३२ हजारांना पडला), सोबत पेन आणि फायबरचं कनेक्शन. बाकी खान अकादमीच्या साइटवर सगळं फुकट आहे. चिरंजीव अकरा वर्षांचे आहेत, सध्या त्रिकोणमिती चालू आहे, स्वतःहून. बजेट थोडं ताणा, शिक्षणात काटकसर नको.

वाशिष्ठीकाठ
दादा, ताणलं तर तुटेल. :)

पाटीपेन्सिल
बालभारतीची सगळी पाठ्यपुस्तकं त्यांच्या ई-बालभारती संकेतस्थळावर पीडीएफमध्ये फुकट आहेत, पहिली ते बारावी. एनसीईआरटीची, म्हणजे केंद्राची पुस्तकंही तशीच मिळतात. आणि 'किशोर' मासिक विसरू नका. १९७१ पासून निघतंय, जुने अंकही तिथेच चकटफू वाचता येतात. माझी मुलगी अभ्यासाच्या पुस्तकापेक्षा त्यावरच वाढली.

पण एक सांगते, पीडीएफ फुकट म्हणून छापायला जाऊ नका. मी गेले होते. पाचवीचा परिसर अभ्यास, दीडशेच्या आसपास पानं, आमच्याकडे झेरॉक्स दोन रुपये पान. वर स्पायरल. घरी आल्यावर कळलं की रंगीत नकाशे सगळे काळेकुट्ट, कोकण कुठे आणि समुद्र कुठे काही पत्ता नाही. छापील पुस्तक पुढच्या आठवड्यात शंभराच्या आत मिळालं.

खमंग_काकडी
छापील पुस्तकाला +१. आणि शेजारपाजारच्या पाचवी झालेल्या पोराकडून जुनं मागा, म्हणजे विकत घ्यायलाही नको.

लोकल_८_१२
जुनं घेताना बघून घ्या. मधल्या काळात पुस्तकांचे चार भाग करून प्रत्येक धड्यामागे वहीची कोरी पानं घातली होती, ते प्रकरण पुढे बंद झालं. आमच्या शेजाऱ्यांनी दिलेल्या संचात भाग तीन नव्हताच. वर्षाचा पाव भाग गायब.

पाटीपेन्सिल
ती कोरी पानं वाईट नव्हती हो. दप्तराचं ओझं तरी कमी होत होतं.

लोकल_८_१२
ओझं कमी? चारही भाग रोज आणायला सांगायचे!

सातासमुद्रापार
आम्ही न्यू जर्सीत आहोत. इथे होमस्कूलिंग करायचं तर शाळेला आगाऊ कळवायचंही बंधन नाही. ग्रंथालयातून एका वेळी पन्नास-पन्नास पुस्तकं घरी येतात. भारतात अशी सोय का नाही कळत नाही. तुमच्या गावातल्या पब्लिक लायब्ररीत बालविभाग असेलच ना, तिथे चौकशी करा.

वाशिष्ठीकाठ
आमच्या वाडीत एक एसटी थांबा, एक किराणा दुकान आणि एक देऊळ आहे. देवळात पोथ्या आहेत.

कायद्याचं_बोला
तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कुणी देत नाहीये म्हणून. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू १ एप्रिल २०१० पासून, वय ६ ते १४. कलम १० म्हणतं की मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य. पण ते केलं नाही तर पालकाला दंड, असं त्यात काही नाही. घरी शिकवायला परवानगी आहे असंही कुठे लिहिलेलं नाही. थोडक्यात, ना हो ना नाही.

परत घालायचं झालं तर कलम ४ बघा: मधे शिक्षण सुटलेल्या मुलाला वयानुसार वर्गात प्रवेश द्यायचा आहे. म्हणजे दहा वर्षांची झाली तर पाचवीत. 'मागचं वर्ष कुठे होती' म्हणून चौथीत मागे बसवता येत नाही. जन्मदाखला, आधार आणि शाळा सोडल्याचा दाखला एका पिशवीत घालून ठेवा. दाखला आत्ताच काढा, वाद व्हायच्या आधी.

खमंग_काकडी
दाखल्याबद्दल शंभर टक्के. आमचं तिथेच अडलं होतं. शाळा म्हणाली, पुढच्या शाळेचं मागणीपत्र आणा मग दाखला देतो. पुढची शाळाच नव्हती, मागणीपत्र कुणाचं आणू? चार फेऱ्या झाल्या. शेवटी अर्जात 'कौटुंबिक कारणास्तव' लिहिलं आणि मिळाला. होमस्कूलिंग हा शब्द अर्जात लिहू नका, क्लार्कला तो कुठल्या रकान्यात घालायचा ते कळत नाही.

वर्षभराने शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला एक बाई दारात आल्या. लेक तेव्हा ओट्यावर गोगलगाय मोजत होती. बाईंनी रजिस्टरमध्ये काय लिहिलं देव जाणे. चहा मात्र घेतला.

जुना_मास्तर
३४ वर्षं सेवा केली. शाळा म्हणजे कोंडवाडा, हे मी नोकरीत असतानाच सांगायचो, म्हणून प्रमोशन नाही मिळालं. घरी शिकवा, बिनधास्त. माझ्या हाताखालून गेलेली पोरं आज कुठे कुठे आहेत. परवाच एक भेटला, पायाला हात लावला, अमेरिकेत असतो.

सातासमुद्रापार
अमेरिकेत कुठे?

निळूफूल
अरविंद गुप्तांचं संकेतस्थळ कुणी सुचवलं नाही अजून? कचऱ्यातून खेळणी, हजारो पुस्तकं, मराठीतही पुष्कळ, सगळं फुकट. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत होते, २०१८ ला पद्मश्री मिळाली. फोन संध्याकाळीच मिळतो ना? एक खेळणं रात्री बघा, सकाळी करा. दिवसभर फोन लागत नाही.

सुरुवात मोटरने करा: एक सेल, दोन सेफ्टी पिना, एक चुंबक, तांब्याची एनॅमलवाली तार, सायकलच्या ट्यूबचं रबर. तारेचे सेलभोवती दहाएक वेढे. आमची मोटर तीन दिवस फिरेना, नुसती थरथरायची. नवरा म्हणाला सेल गेलाय, नवा आणला. तरी थरथर. चूक ही की मी तारेची दोन्ही टोकं ब्लेडने गोल सगळीकडून खरवडली होती. तीन बाजूंनीच खरवडायची, चौथ्या बाजूचं एनॅमल ठेवायचं. म्हणजे प्रत्येक फेऱ्यात वीज क्षणभर तुटते आणि वेटोळं पुढे निघून जातं. नाहीतर अर्धा फेरा पुढे, अर्धा मागे.

एडिसनचा_बाप
अरविंद गुप्ता बेस्ट. टॅबवर छान दिसतात व्हिडिओ.

आंबोळी
अरविंद गुप्तांची साइट बघा, कुणी सांगितली नसेल तर. तिथे खूप आहे.

लोकल_८_१२
सगळे भरीला घालताहेत म्हणून मी उलट बोलतो. मित्रमैत्रिणींचं काय? भांडण, रुसणं, डबा वाटून खाणं घरी कोण शिकवणार? आईच शिक्षक, आईच मैत्रीण, आईच ओरडणार. पोरीने तक्रार कुणाकडे करायची?

निळूफूल
हा प्रश्न दर धाग्यावर येतो. अडतीस मुलं तोंडावर बोट ठेवून बसतात त्याला मैत्री म्हणायचं का? मुंबईतली घरी शिकलेली ती मुलगी विसरलात का, दहावी-बारावीचं प्रमाणपत्र नसताना २०१६ साली थेट अमेरिकेतल्या एमआयटीत गेली.

लोकल_८_१२
नाही विसरलो. तिच्याकडे आंतरराष्ट्रीय संगणक ऑलिंपियाडची तीन पदकं होती, ते अर्धं वाक्य तुम्ही विसरलात. आणि बारावी नाही म्हणून आपल्या आयआयटीचं दार बंदच होतं. पदक नसलेल्या पोरांचं बोला.

खमंग_काकडी
पदक नसलेल्या पोराची आई बोलतेय. :) आम्ही एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून दहावी केली. चौदा पूर्ण लागतात. पाच विषय आपण निवडायचे, त्यात एक तरी भाषा हवी. माध्यम मराठीही घेता येतं. मागच्या इयत्तेचा निकाल नसला तरी स्वयंघोषणापत्र चालतं. पाच वर्षांत नऊ संधी, पास झालेले विषय जमा राहतात. अभ्यासपुस्तकं साइटवर फुकट.

आपल्या राज्याचंही मुक्त विद्यालय मंडळ आहे, तिथे पाचवी आणि आठवीच्या पातळीच्या परीक्षा असतात, वयं अनुक्रमे १० आणि १३. तुमच्या लेकीला ते जास्त जवळचं.

आमचा घोळ सांगते. मुलाने चित्रकला, गृहविज्ञान असे आवडीचे विषय घेतले, गणित सोडलं. पास झाला, पार्टी केली. मग म्हणाला मला डिप्लोमा करायचाय. झालं! पुढच्या वर्षी गणित आणि विज्ञानासाठी परत बसला. विषय निवडताना पोराला विचाराच, पण त्याच्या आत्याला विचारू नका.

जुना_मास्तर
इंग्रजी माध्यमात घातलं असतं तर ही वेळच आली नसती. माझं स्पष्ट मत.

पाटीपेन्सिल
मास्तर, काय संबंध? आणि आत्ता तर कोंडवाडा म्हणत होतात.

जुना_मास्तर
इंग्रजी कोंडवाड्यातून निदान नोकरी तरी मिळते. त्यात २०२५ ला पहिलीपासून तिसरी भाषा आणायला निघाले होते...

संपादक
माध्यम आणि भाषासूत्राचे सतरा प्रतिसाद उडवले आहेत. त्यासाठी वेगळे धागे आहेत, तिथे भांडा. धागाकर्तीला मदत करा.

आंबोळी
घरी शिकवण्यापेक्षा वेगळी शाळाच का बघत नाही? पुण्याचं अक्षरनंदन, फलटणला कमला निंबकर बालभवन, कोल्हापूरला लीलाताई पाटलांनी सुरू केलेलं सृजन आनंद, नाशिकचं आनंद निकेतन. एकसे एक.

वाशिष्ठीकाठ
नावं वाचूनच बरं वाटलं. पण त्यातलं कुठलंच जवळ नाही. रोज कुंभार्ली घाट चढून पोरगी शाळेत जाणार का? आत्ताच दोन तासांना कंटाळलीय.

पाटीपेन्सिल
नेट नसेल तर घरी डिश कुठली आहे? डीडी फ्री डिश असेल तर पीएम ई-विद्याच्या शालेय अभ्यासाच्या वाहिन्या दिसतात, महिन्याचे पैसे नाहीत. हिंदीतलं जास्त आहे, पण कान तयार होतो. गोष्टींसाठी प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर: रेंजमध्ये असताना उतरवून ठेवायच्या, मराठीत ढिगाने आहेत.

आणि अजून एक. तुमच्या वाडीत जिल्हा परिषदेची शाळा असेल ना? तिथल्या कपाटात गोष्टीची पुस्तकं असतात, बहुतेक कुलपात. गुरुजींना गोड बोलून मागा.

एडिसनचा_बाप
झेडपी शाळेत कशाला? तिथे काही नसतं. टॅब.

लोकल_८_१२
कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांकडे आणि मुख्याध्यापक मीटिंगला. शुभेच्छा.

वाशिष्ठीकाठ (तीन आठवड्यांनी)
सगळ्यांचे आभार. काय झालं ते सांगते, रागावू नका.

दाखला काढला ('कौटुंबिक कारणास्तव', खमंगताई, चालून गेलं!). जुनी पुस्तकं पुतण्याची मिळाली, चारही भाग आहेत. मोटर केली. तीन बाजूंनीच खरवडली आणि पहिल्या फटक्यात फिरली, तिने सासऱ्यांना झोपेतून उठवून दाखवली. पहिले आठ दिवस मजेत गेले. मग लग्नसराई आली. मी मशीनवर, समोर सहा ब्लाऊज, आणि ही दर पाच मिनिटांनी "आई, आता काय करू?" एकदा मी इतकी ओरडले की दोघी रडलो. तिचं पोट परत दुखलं.

पुस्तकं मागायला आमच्या वाडीच्या मराठी शाळेत गेलो. दहा मिनिटं चालत. पट अकरा, दोन शिक्षक, पाचवीपर्यंत. कपाट उघडंच होतं. बाई आत दुसरीचं घेत होत्या, गुरुजींनी व्हरांड्यात तिसरी ते पाचवी एकत्र बसवलेली. मी पुस्तकं निवडतेय तोवर ही जाऊन पोरांच्यात बसली आणि पिशवीतून मोटर काढली. एका पोराने विचारलं, उलटी फिरेल का? कुणालाच माहीत नव्हतं, गुरुजींनाही. चुंबक पालथं घालून बघितलं. फिरली उलटी. मग खिचडीची सुट्टी झाली, ही तिथेच जेवली, घरी यायला तयार नाही.

नाव घातलं पाचवीत. वयानुसार, काही विचारलं नाही. उलट पट बारा झाला म्हणून गुरुजीच खूश. ह्यांचं म्हणणं, खाजगीतून काढून झेडपीत, लोक काय म्हणतील. म्हणोत. 'किशोर'चा एक अंक रोज रात्री पडवीत उघडतो. सहावीला पुन्हा प्रश्न येणारच, तेव्हा धागा वर काढीन.

निळूफूल
पाचवीतली पोरं चौथीबरोबर एकाच व्हरांड्यात? अभ्यास कधी होणार? घाई केलीत असं वाटतं. असो, मोटर फिरली हे छान.

खमंग_काकडी
छान केलंत. मुक्त विद्यालयाच्या वयाच्या अटी तरी लिहून ठेवा कुठेतरी.

जुना_मास्तर
मी पहिल्यापासून हेच सांगत होतो. मराठी शाळेला पर्याय नाही.

पाटीपेन्सिल
मास्तर, पहिल्या प्रतिसादात तुम्ही कोंडवाडा म्हणालात.

जुना_मास्तर
ते खाजगीबद्दल.