चालू टाकीत डिफ्युझर किती काम करतोय, हे कसं मोजायचं?

एसटीपीवाला_पुणे
नमस्कार मंडळी. पुण्यात तीनशे फ्लॅटच्या सोसायटीचा एसटीपी (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प) मी सहा वर्षं चालवतोय. एअरेशन टाकीत तळाच्या डिफ्युझरमधून बुडबुडे सोडून गाळातल्या जिवाणूंना ऑक्सिजन देतो; टाकी ८ बाय ५ मीटर, पाणी ४ मीटर, म्हणजे १६० घनमीटर. पहिली चार वर्षं एका ब्लोअरवर (हवा ढकलणारं यंत्र) भागायचं, दुसरा राखीव. आता दोन्ही चोवीस तास चालतात, तरी सकाळी नऊला डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन) लिटरमागे ०.६ मिलिग्रॅमच्या वर जात नाही. हवेच्या दाबाच्या गेजवर सुरुवातीला ०.४५ बार असायचं, आता ०.५३ आहे. शिडीजवळच्या कोपऱ्यात पाणी आधण आल्यासारखं खदखदतं.

डिफ्युझर देणारे म्हणतात, "आमच्या टेस्ट रिपोर्टमध्ये हवेतला २२ टक्के ऑक्सिजन पाण्यात उतरतो, दोष तुमच्या गाळात." कमिटी म्हणते तिसरा ब्लोअर घ्या. रहिवाशांचे पैसे घालण्याआधी मला आकडा हवाय. टाकी रिकामी करता येत नाही. माझ्याकडे डीओ मीटर, बीओडी चाचणीच्या काचेच्या बाटल्या आणि ब्लोअरच्या पॅनेलला वेगळं वीजमीटर आहे.

गाळ_आणि_हवा
दादा, तो २२ टक्क्यांचा आकडा खोटा नसेल, पण तो स्वच्छ पाण्यातला आहे. नव्या टाकीत साधं पाणी भरतात, सोडियम सल्फाइट आणि चिमूटभर कोबाल्ट क्लोराइड टाकून डीओ शून्यावर आणतात, मग हवा सोडून डीओ कसा चढतो ते नोंदवतात. निकाल २० अंशाला आणि शून्य डीओला आणून लिहितात. सांडपाण्यात साबण आणि डिटर्जंट बुडबुड्याच्या पृष्ठभागावर बसतात, ऑक्सिजन उतरायचा वेग मंदावतो. बारीक बुडबुड्यांच्या डिफ्युझरला तर साधारण निम्मा फटका धरावाच लागतो. म्हणजे तुमच्याकडे १० टक्क्यांच्या आसपास मिळालं तर तक्रार नाही.

आता मोजणी. टाकीच्या मध्यातून गाळपाणी घ्या, अर्ध्या बाटलीत भरून जोरात हलवा म्हणजे डीओ चढेल. मग त्यानेच बाटली काठोकाठ भरा, प्रोब बसवा, ढवळत ठेवा, दर अर्ध्या मिनिटाला आकडा लिहा. डीओ ज्या वेगाने उतरतो तेवढा ऑक्सिजन गाळ खातोय. टाकीतला डीओ स्थिर असेल, तर हवेतून तेवढाच येतोय.

एसटीपीवाला_पुणे
सर, आज सकाळी तीन बाटल्या केल्या. ५ मिनिटांत ६.२ वरून ३.० वर, म्हणजे तासाला लिटरमागे ३८ मिलिग्रॅम. गुणिले १६० घनमीटर, ६.१ किलो. दोन ब्लोअरची हवा तासाला ४४० घनमीटर. घनमीटरमागे ०.२८ किलो ऑक्सिजन धरला तर १२३ किलो. म्हणजे ५ टक्के. वीज तासाला ११ युनिट, युनिटमागे जेमतेम ०.५५ किलो.

जुनी_केमिस्ट
गणित बरोबर आहे, पण वेळ चुकली. तुमच्या टाकीत ०.६ डीओ म्हणजे जिवाणू उपाशी आहेत. बाटली हलवून तुम्ही त्यांना पोटभर ऑक्सिजन दिलात, तेव्हा ते टाकीत खातात त्याहून जास्त खातात. खरा आकडा ५ पेक्षाही कमी असेल. मी स्वतः एकदा असाच फुगीर आकडा रिपोर्टमध्ये लिहून बसले होते, म्हणून कळकळीने सांगते. पहाटे भार कमी असताना करा. टाकीत डीओ २ च्या वर हवा आणि अर्धा तास हललेला नको. नमुना घेतल्यावर मिनिटभरात वाचन सुरू करा, नाहीतर बाटलीतलं अन्न संपतं आणि आकडा उलट बाजूला चुकतो.

गेजकडेही बघा. ४ मीटर पाण्याचे ०.४ सोडले तर पूर्वी पाइप आणि मेम्ब्रेनमध्ये (डिफ्युझरचा बारीक छिद्रांचा पडदा) ०.०५ जायचे, आता ०.१३. टँकर-बोअरचं पाणी असेल तर क्षार बसले असणार.

हवा_मोजणारा
दुसरा मार्ग: पाण्यावर उपडं टब तरंगवा आणि वर येणारी हवा नळीने ऑक्सिजन मीटरला द्या. वाटेत सिलिका जेल आणि सोडा लाइम हवंच, ओल आणि कार्बन डायऑक्साइड काढल्याशिवाय हिशेब जुळत नाही. आत २०.९५ टक्के, बाहेर १९.५ आले तर साधारण ८.६ टक्के ऑक्सिजन उतरला. टब पाच-सहा ठिकाणी फिरवा, कोणता कोपरा मेलाय ते लगेच कळतं. ब्लोअर किती हवा देतो हेही माहीत असावं लागत नाही.

एसटीपीवाला_पुणे
मॅडम, पहाटे चारला केलं. डीओ २.२ वर स्थिर, बाटलीत २७. म्हणजे ४.३ किलो, ३.५ टक्के. पाण्यात आधीच २.२ डीओ असल्याने ऑक्सिजन कमी उतरतो, ती वजावट भरून काढली तरी पाचच्या वर जात नाही.

मग शिडीजवळच्या ड्रॉप पाइपचा (खाली डिफ्युझरना हवा नेणारा पाइप) व्हॉल्व्ह बंद केला. खदखद थांबली, गेज ०.५५ वर गेलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला डीओ ०.९ दिसला. हवा कमी ठिकाणी सोडून डीओ वाढला! आज त्या पाइपवरची डिफ्युझरची रॅक वर ओढली. एका मेम्ब्रेनला बोटभर लांब चीर होती, बाकीच्यांवर खडूसारखा पांढरा थर, नखाने खरवडला की पापुद्रे निघतात. फोटो आणि तिन्ही दिवसांची वाचनं कमिटीच्या ग्रुपवर टाकली आहेत. तिसऱ्या ब्लोअरचं कोटेशन थांबवलं, आधी मेम्ब्रेन बदलायचं ठरलंय. बदलल्यावर याच वेळी, याच बाटल्यांनी पुन्हा मोजून इथे टाकतो.