धोका उतरल्यावर असतो

मुलांसाठी स्कूलबस कशी निवडावी या चर्चेत, जीपीएसवाली बस निवडली की काळजी मिटली, असं वर दोघातिघांनी लिहिलंय. बस कुठे पोचली ते कळतं, हे मान्य. पण खरा धोका मूल उतरल्यानंतरच्या मिनिटभरात असतो. ठाण्यात घोडबंदरच्या सर्व्हिस रोडवर रोज बघते, पोरं उतरतात आणि दप्तर सावरत बसच्या अगदी पुढून पलीकडे पळतात. ड्रायव्हर उंचावर, बंपरला चिकटून चाललेलं पहिलीतलं पोर त्याला दिसतच नाही. आमच्या बसमधल्या मदतनीस ताई घ्यायला आलेल्या माणसाच्या हातात मुलाचा हात देतात आणि बस गेल्यावरच रस्ता ओलांडा म्हणून बजावतात. हे प्रत्येक बसमध्ये व्हायला हवं.

आणि इथे कुणी लिहिलं नाही म्हणून सांगते, स्कूलबससाठी राज्याचे २०११ चे नियम आहेत. त्यांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असावी लागते. मुख्याध्यापक अध्यक्ष, शिवाय पालकांचे प्रतिनिधी, वाहतूक पोलीस, आरटीओचे अधिकारी. थांबा कुठे हवा, मदतनीस आहे का, हे तिथे मांडायचं. व्हॉट्सॲप ग्रुपवर चिडून काय होणार? पुढच्या पालकसभेत विचारा, समितीत पालकांतर्फे कोण आहे आणि शेवटची बैठक कधी झाली.