सल्ला हवा: इंटरलॉकसाठी बूलियन डेरिव्हेटिव्ह शिकायचंय, पुस्तक घेऊ की कोर्स? (बजेट २,०००)

रसायनीकर
नमस्कार मंडळी. मी एका केमिकल प्लँटमध्ये इन्स्ट्रुमेंटेशन बघतो. आमच्या रिअॅक्टरच्या ट्रिप इंटरलॉकला (धोका दिसला की रिअॅक्टर आपोआप बंद, म्हणजे ट्रिप, करणारं लॉजिक) नऊ इनपुट आहेत: तीन प्रेशर ट्रान्समीटर (तिनातले दोन बोलले की ट्रिप), दोन टेंपरेचर (कुठलंही एक पुरे), अॅजिटेटर (ढवळणारा पंखा) बंद, कूलिंग वॉटरचा फ्लो कमी, एक मॅन्युअल बटण आणि एक बायपास की (आपोआप लागणारी ट्रिप रोखून धरणारी चावी). सगळे हो-नाही, म्हणजे ० किंवा १. शटडाऊनमध्ये एकेक इनपुट तपासावा लागतो आणि दरवेळी प्रश्न तोच: बाकीचे आठ कुठल्या स्थितीत ठेवले तर या एकाच्या बदलाने आउटपुट हलेल? चेकलिस्ट जुन्या लोकांनी करून ठेवलेली आहे, पण त्यात असं का, तसं का, हे कुणी लिहिलेलं नाही.

वाचता वाचता कळलं की याला चक्क गणित आहे, बूलियन (म्हणजे ०-१ च्या) फंक्शनचं विकलन, म्हणजेच डेरिव्हेटिव्ह. हे नीट शिकायचंय. बजेट २,००० च्या आत. मराठीत असेल तर उत्तमच, इंग्रजी चालेल. एक्सेल येतं, प्रोग्रामिंग येत नाही.

जुनी_पुस्तकं
कोहावी घ्या, डोळे मिटून घ्या. स्विचिंग अँड फायनाइट ऑटोमाटा थिअरी, दुसरी आवृत्ती, टाटा मॅक्ग्रॉ-हिलची. त्यात दोष शोधण्याच्या प्रकरणात बूलियन डिफरन्सवर (तुमच्या विकलनाचंच दुसरं नाव) वेगळा भाग आहे. मी अप्पा बळवंत चौकात जुनं घेतलं, बाइंडिंग अजून शाबूत आहे. नवीन छपाईचा कागद बघवत नाही.

मुक्काम_केमनिट्झ
विषयाच्या माहेरघरातून लिहितोय. पूर्व जर्मनीच्या काळात या गावाचं नाव कार्ल-मार्क्स-श्टाट होतं. बोखमान आणि पोस्टहोफ यांचं बायनरी डायनॅमिक सिस्टिम्सवरचं जर्मन पुस्तक १९८१ चं. पुढे श्टाइनबाख आणि पोस्टहोफ यांनी २०१७ मध्ये बूलियन विकलनावरच इंग्रजीत छोटेखानी पुस्तक काढलं. ते घ्याच, शिवाय त्यांचं श्प्रिंगरचं मोठं पुस्तकही. माझ्याकडे दोन्ही आहेत. एकदाच होणारा खर्च आहे, बजेटचा विचार करू नका. एक्सबूल नावाचं त्यांचं सॉफ्टवेअरही आहे.

रसायनीकर
धन्यवाद दादा, पण ही पुस्तकं बजेटच्या कितीतरी बाहेर जातात. २,००० म्हणजे खरंच २,०००.

कोडवाला
पायथन शिका. महिन्याभरात हात बसतो. एक्सेलमध्ये लॉजिक करायला जाऊ नका, सहा महिन्यांनी तुमचीच शीट तुम्हाला कळणार नाही. लॉजिकला सॅट सॉल्व्हर (दिलेल्या अटी पुऱ्या करणारी ०-१ मूल्यं शोधणारा प्रोग्राम), बाकी सगळा टाइमपास. लॅपटॉपला १६ जीबी रॅम आहे ना? नसेल तर आधी ते बघा, मी मागच्या दिवाळीत घेतला, सुंदर चालतो.

वैशाली_ठाणे
नऊ इनपुटला १६ जीबी? ५१२ ओळींचा सत्यता-तक्ता आहे तो.

मी गणित शिकवते म्हणून एक आक्षेप नोंदवते. हे डेरिव्हेटिव्ह नव्हेच. डेरिव्हेटिव्हला लिमिट लागतं. इथे चल फक्त ० वरून १ वर उडी मारतो, मधे काहीच नाही. याला डिफरन्स म्हणावं, आणि १९६८ च्या मूळ शोधनिबंधातही तसंच म्हटलंय.

चिप_तपासनीस
ताई, १९६८ चा मूळ नव्हे. त्याआधी १९५९ मध्ये एकर्स यांनी बूलियन फंक्शनचं विकलन आणि टेलरसारखा विस्तार मांडला होता. १९५४ मध्ये रीड आणि मलर यांच्या कामात याची बीजं आहेत, त्यांच्या रीड-मलर कोडमधूनच (संदेशातल्या चुका सुधारणारा कोड) मरिनर ९ ने मंगळाचे फोटो पाठवले. सेलर्स, शाओ आणि बेर्नसन यांनी १९६८ मध्ये ते सर्किटमधले दोष शोधायला लावलं.

रसायनीकर, तुम्हाला हवंय ते नेमकं हेच. व्याख्या एका ओळीची आहे: ज्या इनपुटबद्दल विचारताय तो ० धरून फंक्शन काढा, १ धरून काढा, दोन्हींचा एक्सऑर (दोन्ही वेगळे असतील तरच १) घ्या. उत्तर १ आलं तिथे इनपुट हलवला की आउटपुट हलतो, ० आलं तिथे हलत नाही. अँड गेटमध्ये (अ आणि ब दोन्ही १ तरच १) अ चं डेरिव्हेटिव्ह ब, ऑर गेटमध्ये (कुठलंही एक १ पुरे) ब-नाही, म्हणजे ब चं उलट, एक्सऑरमध्ये कायम १.

कोर्सचं म्हणाल तर एनपीटीईएलवर (आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सचं पोर्टल) व्हीएलएसआय, म्हणजे चिप, टेस्टिंगचे कोर्स फुकट आहेत. खाजगी क्लासच्या नादी लागू नका. मी एका क्लासला भरमसाट फी भरली, त्यांनी टूलची बटणं कुठे आहेत तेवढंच दाखवलं.

वैशाली_ठाणे
एकर्सचं मान्य. तरी लिमिट नाही ते नाहीच. गुणाकाराचा नियम बघा ना. नेहमीच्या कॅल्क्युलसमध्ये दोन पदं येतात: पहिलं तसंच ठेवून दुसऱ्याचं विकलन, आणि उलट. इथे तिसरं पद येतं, दोघांच्या विकलनांचा गुणाकार, आणि तिन्ही एक्सऑरने जोडायची. फायनाइट डिफरन्समध्ये हे तिसरं पद राहतं, लिमिट घेतल्यावरच ते गळतं. शिवाय त्याच चलाने दुसऱ्यांदा विकलन केलं की इथे कायम शून्य, कारण पहिल्या उत्तरात तो चल उरतच नाही.

सांकेतिक
एकाच चलात अडकू नका. क्रिप्टोमध्ये (माहिती सांकेतिक करण्याच्या शास्त्रात) आम्ही कुठल्याही दिशेने डेरिव्हेटिव्ह घेतो, म्हणजे हवे तेवढे बिट एकदम उलटवतो. १९८५ चा स्ट्रिक्ट अॅव्हलांच निकष म्हणतो की एक इनपुट बिट उलटवला की प्रत्येक आउटपुट बिट निम्म्या वेळा उलटला पाहिजे. क्यूब अटॅक (सायफर फोडायची एक पद्धत) तर वरच्या ऑर्डरच्या डेरिव्हेटिव्हवरच उभा आहे. आमच्या क्षेत्रात या, पगार चांगला आहे.

ठिपक्यांची_रांगोळी
बदलत्या सिस्टिमचा विषय निघालाच आहे तर सेल्युलर ऑटोमाटा (०-१ च्या घरांची ओळ, शेजाऱ्यांवरून पुढची ओळ ठरते) सोडून कसं चालेल? रूल ९० मध्ये प्रत्येक घर म्हणजे डाव्या-उजव्या शेजाऱ्यांचा एक्सऑर. दोन्ही शेजाऱ्यांसाठी डेरिव्हेटिव्ह १, मधल्यासाठी ०. रूल ३० मध्ये डाव्यासाठी कायम १, पण मधल्याचं उजव्यावर अवलंबून. एक ठिपका बदलला तर तो बदल पुढच्या ओळींत कसा पसरतो ते यावरून काढता येतं. कॉफमन यांनी १९६९ मध्ये जीन्सचं जाळंही असंच ०-१ चं धरलं होतं. चौकटीच्या वहीवर करून बघा, एक संध्याकाळ मजेत जाईल.

पाइपलाइन_पंकज
कोहावी घ्या. अप्पा बळवंत चौकात जुनं मिळतं.

जुनी_पुस्तकं
तेच तर मी पहिल्या प्रतिसादात लिहिलंय.

निवृत्त_पॅनेलवाले
रसायनीकर, पुस्तकाच्या आधी हे करून बघा. तुमचे तीन प्रेशर ट्रान्समीटर अ, ब, क. तिनातले दोन म्हणजे फंक्शन: अब किंवा बक किंवा कअ. अ = ० धरा, उरतं बक. अ = १ धरा, उरतं ब किंवा क. दोन्हींचा एक्सऑर: ब ⊕ क. म्हणजे ब आणि क यांचं एकमत नसेल तेव्हाच अ ला मत आहे. ब-क दोन्ही ० ठेवून तुम्ही अ कितीही वेळा हलवा, तो अडकलेला आहे की चांगला, काही कळणार नाही. ब ला १ आणि क ला ० द्या, मग अ हलवा. अ हा ० वर अडकलाय का बघायला १ द्यायचा, १ वर अडकलाय का बघायला ०.

हे झालं व्होटिंगपुरतं. पुढे ते उरलेल्या लॉजिकमध्ये जातं, तिथलं डेरिव्हेटिव्ह याला गुणायचं.

आणि दोन एकदम हलले तर? अ आणि ब एकाच टॅपिंगवर (प्रेशर घ्यायच्या जोडणीवर) असले आणि ते चोंदलं, तर दोघे एकत्र जातात. मग दोन्ही एकदम उलटवून एक्सऑर घ्या. अ आणि ब सारखे असतील तर आउटपुट नक्की उलटतो, क काहीही म्हणो. वेगळे असतील तर काहीच होत नाही. तिसरा ट्रान्समीटर तिथे कामाचा उरत नाही. वेगळं टॅपिंग का मागतात ते या एका ओळीत आहे. आमच्या वेळी हे कागदावर रिले लॅडर काढून करायचो, हल्लीची मुलं सिम्युलेटर उघडतात आणि हिरवा दिवा लागला की घरी जातात.

चिप_तपासनीस
काकांनी छान सांगितलंय. एक पुस्ती: गुणायचा नियम तेव्हाच चालतो जेव्हा तो सिग्नल एकाच वाटेने पुढे जातो. तोच सिग्नल दोन वाटांनी जाऊन पुढे परत एकत्र येत असेल, तर आख्ख्या फंक्शनवरूनच काढावं लागतं, कारण दोन बदल एकमेकांना खाऊ शकतात. मोठ्या चिपला ही पद्धत झेपत नाही, समीकरणं फुगतात, म्हणून तिथे रॉथच्या १९६६ च्या डी-अल्गोरिदमसारख्या वाटा धराव्या लागल्या. नऊ इनपुटला काहीच अडचण नाही.

मुक्काम_केमनिट्झ
दोन एकदम उलटवण्याचं ते वेक्टोरियल डेरिव्हेटिव्ह. २०१७ च्या पुस्तकात सविस्तर आहे. म्हणून म्हणतो, घ्या.

लॅडर_लता
टायमर आणि लॅच यांचं काय? ट्रिप एकदा लागली की रीसेटपर्यंत टिकते, म्हणजे आउटपुट स्वतःच परत इनपुट होतो. तेव्हा आधीची स्थिती हा दहावा चल धरा आणि पुढच्या स्थितीचं विकलन करा. लॅच लागलेला असताना सगळ्या कारणांचं डेरिव्हेटिव्ह ० येईल. प्रत्येक टेस्टच्या आधी रीसेट का, याचं उत्तर तेच. टायमरला हे गणित लागत नाही, तो घड्याळ लावून वेगळा तपासायचा.

कोडवाला
हे सगळं पायथनमध्ये दहा ओळींत होतं.

रसायनीकर
सगळ्यांचे मनापासून आभार. बराच विचार करून ठरवलंय: तूर्त काहीच विकत घेत नाही, एक्सेलमध्येच करतो. कोडवाले दादा, माफ करा.

शीट तयार झाली आहे. लॅच बाहेर ठेवून ० ते ५११ ओळी, नऊ कॉलम, दहावा ट्रिपचा. मग प्रत्येक इनपुटला एक कॉलम: ओळीच्या नंबरातला त्या इनपुटचा बिट बिटएक्सऑर या एक्सेल फंक्शनने उलटवायचा, इंडेक्स फंक्शनने त्या ओळीतली ट्रिप आणायची, दोन्ही वेगळ्या असतील तर १. पॅनेलवाले काकांचं ब ⊕ क जसंच्या तसं उतरलं. एका प्रेशर ट्रान्समीटरसाठी ५१२ पैकी फक्त ४ ओळींत १ येतो, टेंपरेचर, अॅजिटेटर आणि फ्लोला प्रत्येकी ८, बायपास कीला २४८, मॅन्युअल बटणाला २६४.

चेकलिस्ट याच्याशी ताडून बघितली. टेंपरेचरची टेस्ट अॅजिटेटर थांबलेला असतानाच करायची असं लिहिलंय. म्हणजे ट्रिप आधीच लागलेली, तिथे डेरिव्हेटिव्ह ०. ती टेस्ट पास झाली तरी टेंपरेचर स्विचबद्दल काहीच सिद्ध होत नाही. अॅजिटेटरचा सिग्नल चालू दाखवून मगच ती करायला हवी. बदलाचा प्रस्ताव लिहायला घेतलाय.

वैशाली_ठाणे
अभिनंदन! फक्त ते ४ आणि २४८ हे धोक्याचे आकडे म्हणून कुणाला दाखवू नका. ५१२ ओळी सारख्याच शक्यतेच्या नसतात, प्लँट बहुतेक वेळ एकाच ओळीत बसलेला असतो.

जुनी_पुस्तकं
काहीच घेतलं नाही? निदान कोहावी तरी.

निवृत्त_पॅनेलवाले
बायपास १ असलेल्या ओळी फिल्टर करा आणि बघा कुणाकुणाचं डेरिव्हेटिव्ह १ उरतं.

रसायनीकर
केलं काका. फक्त मॅन्युअल बटणाचं, तेही सगळ्या २५६ ओळींत.

निवृत्त_पॅनेलवाले
मग लॉजिक बरोबर आहे. बायपासने बटण मरता कामा नये. प्रस्तावात ती ओळही घाला.