मदत हवी आहे: डेल्टिकच्या हेडकोड खिडकीत १९७७ साली काय दिसायचं?

क्लास ५५ डेल्टिक या ब्रिटिश डिझेल इंजिनाचं ओओ मापाचं (१:७६) मॉडेल आहे, १९७७ चं रूप द्यायचंय. जानेवारी १९७६ पासून ब्रिटिश रेल्वेनं इंजिनावर चार अक्षरी हेडकोड, म्हणजे समोरच्या खिडकीतला गाडीची ओळख सांगणारा कोड, दाखवणं बंद केलं. त्याआधी लंडनच्या किंग्ज क्रॉसहून एडिनबराला जाणाऱ्या एक्स्प्रेसवर '१एस' नं सुरू होणारा कोड असे. १ म्हणजे एक्स्प्रेस, एस म्हणजे स्कॉटलंड. नंतर खिडकीतल्या कोडच्या फिरत्या पट्ट्या ०००० वर आणून ठेवल्या, पुढे काळ्या पाटीवर दोन पांढरे ठिपके आले. पण २२ इंजिनं काही एका दिवशी बदलली नाहीत. तारीख आणि इंजिन नंबर दोन्ही स्पष्ट असलेले समोरून काढलेले फोटो कुणाकडे आहेत का?

दुसरी अडचण दिव्याची. ठिपक्यांसाठी २ मिमीची भोकं हातड्रिलनेच पाडलीत, मोटरच्या वेगानं पॉलिस्टायरीन वितळून कडा फुगते. बॉडीला आतून आधी काळा, वर चंदेरी रंग दिलाय. तरीही पाटीच्या काठच्या फटीतून एलईडीचा उजेड गळतोच. रेझिस्टर वाढवला की ठिपके मंद होतात, गळती मात्र तशीच. फट कशानं बुजवावी? पाटी पुन्हा काढता यायला हवी, म्हणून सुपरग्लू नको. शिवाय त्याच्या वाफेनं काच पांढुरकी होते.